पांढरा कुर्ता फोटोत करडा का दिसतो?

ईदची नमाज पढून आलेल्या मंडळींचे घरोघरी फोटो निघतात. दुधासारखे पांढरे कुर्ते फोटोत मात्र मळकट, करडे येतात. उलट काळ्या बुरख्यातील अम्मीचा जवळून फोटो घेतला, तर बुरखा राखाडी आणि चेहरा पांढराफटक! आपण कॅमेऱ्याला नावे ठेवतो आणि महागडा घेण्याच्या गोष्टी करू लागतो. महागड्यातही हेच होईल.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे धरून चालतो. पांढरे जास्त दिसले की तो प्रकाश कमी करतो, काळे जास्त दिसले की वाढवतो. म्हणून पांढऱ्या कपड्यांसाठी एक स्टॉप वाढवावा, काळ्यांसाठी एक कमी करावा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचे बटण त्यासाठीच असते. बहुतेक मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून शेजारची सूर्याची खूण वरखाली सरकवली तरी काम होते.

हे बटण नेमके काय बदलते, हे कळण्यासाठी अॅपर्चर, शटर आणि आयएसओ समजून घ्यावे लागतात. एफ ५.६ वरून एफ ८ वर गेलात, तर प्रकाश निम्मा होतो. मग शटर १/१२५ वरून १/६० वर आणले की हिशोब पुन्हा जुळतो. मात्र शटर मंद झाल्याने धावणारे मूल पुसट येईल. हा सौदा प्रत्येक फोटोत करावा लागतो.

सुरुवात डिजिटलवर करावी, कारण चूक लगेच दिसते. पण त्यानंतर कृष्णधवल फिल्मचा एक रोल जरूर वापरावा. त्यात ३६ फोटो, आणि पाहायला पडदा नाही. भर उन्हात एफ १६ ठेवून १०० आयएसओच्या फिल्मला १/१२५ शटर द्यावे आणि प्रत्येक फोटोचे आकडे वहीत टिपावेत. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त प्रकाश सहन करते. डिजिटलमध्ये पांढरा भाग एकदा जळाला की त्यातली वीण परत मिळत नाही.

रोल घरी धुता येतो. डेव्हलपर, मग स्टॉप बाथ, मग फिक्सर. डेव्हलपरचे तापमान साधारण २० अंश सेल्सिअस. सिनेमात लाल दिवा दाखवतात, तो कागदावर प्रिंट काढताना चालतो. फिल्म डब्यात भरताना मात्र मिट्ट काळोखच लागतो.

एवढे हाती आले की खिडकीकडे वळा. नानीला खिडकीशेजारी, प्रकाश एका गालावर पडेल अशी बसवा आणि मोजमाप चेहऱ्यावरून घ्या. मागची खोली आपोआप अंधारात जाते, सुरकुती न् सुरकुती बोलू लागते. फ्लॅश लावलात तर ते सगळे सपाट होते.

घरातल्या मुलींनी हे शिकावे असे मला विशेष वाटते. निकाहच्या वेळी बायकांच्या दालनात फोटो काढायला स्त्रीच हवी, असा अनेक घरांचा आग्रह असतो. ज्या मुलीचा हात बसला आहे तिच्यासाठी हा मानाचा रोजगार आहे. पहिले काम घेण्याआधी एखाद्या बहिणीला जरीचा दुपट्टा ओढून आधी खिडकीपाशी, मग घरातल्या पिवळ्या दिव्याखाली बसवावे आणि दोन्हीकडे व्हाइट बॅलन्स बदलून पाहावा. जर चमकली की प्रकाशमापक तिथेही फसतो.