स्पर्शाविना (भाग ४) : दोन दशांश सेकंदांचा थांबा

गेल्या आठवड्यात आपण सेन्सरचा नळ पाहिला. इन्फ्रारेड किरण हातावर आपटून परत येतो आणि झडप उघडते. नळाचं बरं असतं, पाणी आलं की हाताला कळतं. आजच्या वस्तूत ती सोय नाही. स्टेशनातल्या फाटकाशी कार्ड धरल्यावर काम झालं की नाही, हे हाताला कळायला काही मार्गच नसतो. म्हणूनच असं फाटक घडवणं नळापेक्षा कितीतरी अवघड आहे. ते उत्तम रीतीनं कसं जमलं, हे पाहायला जपानमध्ये जावं लागतं.

जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीनं १८ नोव्हेंबर २००१ रोजी टोकियो परिसरातल्या ४२४ स्थानकांवर ‘सुइका’ कार्ड सुरू केलं. त्याआधी चुंबकीय तिकीट फाटकाच्या फटीत सारायचं, यंत्र ते आत ओढून घ्यायचं आणि पुढच्या टोकाला परत द्यायचं. तिकीट कुठे न्यायचं, किती वेळ धरायचं, हा प्रश्नच नव्हता. कार्ड आलं आणि हे सगळं माणसावर पडलं.

कार्डात बॅटरी नसते. असते ती तारेची वेटोळी आणि एक चिप. फाटकातला रीडर १३.५६ मेगाहर्ट्‌झचं चुंबकीय क्षेत्र सोडतो. त्यामुळे वेटोळ्यात वीज खेळते आणि चिप जागी होते. मग ओळख पटवणं, शिल्लक वाचणं, नवी शिल्लक लिहिणं आणि ती नीट लिहिली गेली का हे तपासणं, असं सगळं उरकायला साधारण ०.२ सेकंद लागतात. हे क्षेत्र पोहोचतं जेमतेम दहा सेंटिमीटरपर्यंत. आता हिशेब करा. चालत्या माणसाचा हात सेकंदाला एक मीटर पुढे जातो असं धरलं, तर ०.२ सेकंदांत तो वीस सेंटिमीटर सरकतो. म्हणजे व्यवहार अर्धा असतानाच कार्ड क्षेत्राबाहेर! घोडं पेंड खात होतं ते नेमकं इथे.

नव्वदच्या दशकात चाचण्या झाल्या तेव्हा माणसं अडखळत होती. कुणी कार्ड उभं धरी, कुणी लांबूनच हलवी, कुणी झर्रकन फिरवून पुढे जाई. गर्दीच्या वेळी फाटकात एक जण अडला की मागची सगळी रांग खोळंबते. हा प्रश्न शुन्जी यामानाका या डिझायनरकडे आला. पूर्वी निस्सानसाठी मोटारी रेखाटणारा हा माणूस. त्यानं वेगवेगळ्या आकारांचे नमुने करून त्यांतून लोकांना चालायला लावलं आणि त्यांचे हात काय करतात ते पाहत राहिला. उत्तर निघालं ते साधंच : रीडरचा पृष्ठभाग माणसाच्या बाजूला १३.५ अंशांनी कलता ठेवायचा आणि उजळता करायचा. तसा तो दिसला की हात आपोआप तिथे जातो आणि क्षणभर थबकतो.

शिवाय प्रवाशांना सांगितलं गेलं की कार्ड टेकवा. तंत्राला स्पर्शाची काडीमात्र गरज नसताना! टेकवायचं म्हटलं की हाताला थांबावंच लागतं आणि हवे असलेले ०.२ सेकंद मिळतात. ‘न टेकवताही चालतं’ अशी फुशारकी कंपनीनं मारली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

आपल्या मेट्रोंमध्ये गुंता आणखी वाढतो, कारण एकाच फाटकाशी कार्डही येतं आणि मोबाइलवरचा क्यूआर कोडही. कार्ड जितकं चिकटवाल तितकं बरं. क्यूआर मात्र कॅमेऱ्यानं वाचला जातो, त्याला थोडं अंतर आणि उजळ पडदा लागतो. कार्डाची सवय अंगवळणी पडलेला माणूस फोनही काचेवर दाबून धरतो. फाटक उघडत नाही. मग तो आणखी जोरानं दाबतो आणि पाठीमागून ‘अहो, जरा वर धरा’ अशी सूचना येते. त्या माणसाला अडाणी ठरवणं अन्यायाचं आहे. दोन उलट सवयींच्या दोन जागा शेजारी ठेवल्या आणि दोन्ही सारख्याच दिसू दिल्या, ही चूक फाटकाची आहे.

अंधांचा प्रश्न याहून टोकदार आहे. चाचपून जागा शोधायची तर कडेला उंचवटा हवा आणि झालं-न झालं कळायला दोन वेगळे आवाज हवेत. नुसता हिरवा-लाल दिवा त्यांच्या काहीच कामाचा नाही. रंग ओळखताना ज्यांची गफलत होते, त्यांनाही हे आवाज लागतातच.

स्थानकं, रुग्णालयं, सरकारी कचेऱ्या यांच्यासाठी अशी यंत्रं खरेदी करणाऱ्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. निविदेत सेन्सरचा पल्ला आणि वेग लिहिता, त्याच्याच खाली एक अट घाला : बिल मंजूर होण्याआधी हे यंत्र गर्दीच्या वेळी खऱ्या माणसांकडून वापरून घ्यावं. त्यांत हातात पिशव्या असलेले, पहिल्यांदाच आलेले, काठी घेऊन चालणारे आणि न दिसणारे असे सगळे असावेत. किती जण कुणाला न विचारता पार झाले, ते मोजून लिहून ठेवावं.

पुढच्या भागात : लिफ्टची बटणं आणि पायानं चालणारे पेडल.