एक शब्द, अनेक अर्थ : रोल

इंग्रजीतले पुष्कळ शब्द आपल्या तोंडी बसले आहेत. त्यांतलाच एक शब्द आहे 'रोल'. शाळेत गुरुजी मुलाला विचारतात, "तुझा रोल नंबर किती?" रोजगार हमीच्या कामावर 'मस्टर रोल' असतो. नव्या सडकेवर 'रोलर' फिरतो. गोंदियाच्या राईस मिलमध्ये 'रबर रोल' असतात. झाडीपट्टीच्या नाटकात कुणाला राजाचा 'रोल' मिळतो, कुणाला शिपायाचा. शब्द एकच, मग इतके अर्थ आले कुठून? पाहू या.

'रोल' म्हणजे मुळात गोल गोल फिरत जाणे. आपल्याकडे यासाठी एक शब्द नाही, अनेक शब्द आहेत. म्हैस चिखलात लोळते. दगड टेकडीवरून घरंगळतो. आपण चटई गुंडाळतो, पोळी लाटतो, तेंदूच्या पानाची विडी वळतो. इंग्रजीत या साऱ्या कामांना 'रोल' हा एकच शब्द चालतो.

हा शब्द फार जुना आहे. युरोपात लॅटिन नावाची भाषा होती. तिच्यात चाकाला 'रोटा' म्हणत. आपला 'रथ' हा शब्दही त्याच कुळातला आहे, असे भाषेचे जाणकार सांगतात. 'रोटा'वरून लहान चाकाला 'रोटुलस' म्हणू लागले, आणि त्यातून पुढे 'रोल' आला.

आता मिलमधला रोल पाहा. धान सोलण्याच्या यंत्रात रबराचे दोन लाट असतात. ते एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. एकाची चाल जलद, दुसऱ्याची मंद. दाणा दोघांच्या मधून जातो. एक लाट टरफलाला पुढे ओढतो, दुसरा मागे धरतो. त्यामुळे टरफल सुटते. रबर मऊ असते, म्हणून तांदूळ कमी तुटतो. दोन्ही लाट सारख्याच चालीने फिरले, तर दाणा नुसता दाबला जाईल, नीट सोलला जाणार नाही.

हे झाले फिरण्याचे. पण नावांच्या यादीला 'रोल' का म्हणतात?

जुन्या काळी युरोपात कातड्यावर लिहीत. मजकूर लांबला की एका तुकड्याला दुसरा तुकडा शिवत आणि सगळे गुंडाळून ठेवत. आपल्याकडे जन्मपत्रिकेची गुंडाळी असते ना, तसेच. त्या गुंडाळीला ते 'रोल' म्हणत. शिपायांची नावे, कर देणाऱ्यांची नावे अशा गुंडाळीवर असत. पुढे वह्या आल्या, गुंडाळी गेली, पण नाव राहिले. म्हणून नावांची यादी म्हणजे 'रोल'. नटालाही त्याची भाषणे अशाच गुंडाळीवर लिहून देत. म्हणून नाटकातले काम म्हणजे 'रोल'.

याच कुळातला आणखी एक शब्द आपल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे 'कंट्रोल'. रेशनच्या दुकानाला आपल्याकडे 'कंट्रोल' म्हणतात. फ्रान्स देशात हिशेबाची एक गुंडाळी असे. ती तपासण्यासाठी दुसरी, तिच्या जोडीची गुंडाळी ठेवत. दोन्ही शेजारी ठेवल्या की चूक लगेच सापडे. या दुसऱ्या गुंडाळीच्या नावावरून 'कंट्रोल' हा शब्द झाला. म्हणजे कंट्रोलचा मूळ अर्थ धाक किंवा हुकूम नव्हे. पडताळणीची दुसरी यादी, हा त्याचा मूळ अर्थ.

यादीत नाव असणे ही साधी गोष्ट नाही. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. तेव्हा मतदार यादी करणारे घरोघर गेले. पुष्कळ बायांनी आपले नाव सांगितलेच नाही. "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढेच सांगितले. नावाशिवाय मतदार कसा ओळखायचा? देशभरातल्या सुमारे २८ लाख बायांची नोंद त्यामुळे यादीतून गळाली. मताचा हक्क होता, पण यादीत नाव नव्हते. म्हणून मतदार यादी लागली की आपले नाव स्वतः वाचून पाहावे. नाव, वय, घर, सगळे बरोबर आहे ना, हे तपासावे. नाव नसेल तर नमुना ६ भरावा. नावात चूक असेल तर नमुना ८ भरावा.

मस्टरचेही तसेच आहे. महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. कामांचे मस्टर ग्रामसभेपुढे तपासणीसाठी ठेवावेत, असे त्या कायद्यात घातले होते. कारण उघड आहे. माती खणणारा मजूर घाम गाळतो, पण मजुरी मस्टरवरच्या हजेरीवर ठरते. सहा दिवस राबलात आणि मस्टरवर चारच दिवस लागले, तर दोन दिवसांचा घाम फुकट गेला.

मग काय करावे? आपली जोडीची गुंडाळी आपणच ठेवावी. एक लहान वही घ्यावी. रोज संध्याकाळी तीन गोष्टी लिहाव्यात : तारीख, कामाची जागा आणि किती वेळ काम केले. मजुरी मिळाली की ती तारीख आणि रक्कमही लिहावी. कंट्रोलमधून धान्य आणले की किती किलो मिळाले ते लिहावे आणि पावतीशी ताडून पाहावे. बिघाड दिसला तर वही घेऊन आधी रोजगार सेवकाकडे किंवा दुकानदाराकडे जावे. शांतपणे विचारावे, "भाऊ, माझ्या वहीत सहा दिवस आहेत, तुमच्या मस्टरवर चार कसे?" तिथे काम झाले नाही, तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. तारखेसह लिहिलेली ओळ समोर ठेवता येते. ज्याला चार अक्षरे लिहिता येतात, त्याला आपला कंट्रोल आपल्या हाती ठेवता येतो.