लायसन्स पूर्ण काढायचं की अर्धं ठेवायचं?

दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा सापडलेल्या माणसाच्या लायसन्सचं काय करायचं? आपल्या कायद्यात याचं उत्तर सरळ आहे. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय कलम २० प्रमाणे किमान ६ महिने लायसन्स बंद.

आता हे फलटणला लावून बघा. सुरवडीच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा किंवा सीझनमध्ये उसाचा ट्रॅक्टर चालवणारा माणूस ६ महिने गाडीशिवाय काय करणार? बऱ्याचदा तो गाडी चालवतच राहतो, फक्त लायसन्सशिवाय. हे आपल्याकडचंच रडगाणं नाही. परदेशातल्या अभ्यासांतही हेच दिसलंय. फरक इतकाच, की असे लोक गाडी थोडी कमी आणि जरा जपून चालवतात. म्हणजे बंदी अगदीच वाया जात नाही.

स्वीडनने दुसरी वाट काढली. १९९९ मध्ये प्रयोग सुरू केला आणि २०१२ पासून तो कायम केला. लायसन्स गमावण्याऐवजी माणूस अटीचं लायसन्स मागू शकतो: गाडीत फुंकायचं मशीन बसवायचं, श्वासात अल्कोहोल आढळलं तर गाडी सुरूच होणार नाही. मुदत १ वर्ष, पुन्हा पुन्हा सापडणाऱ्याला २ वर्षं. खर्च ज्याचा त्याने करायचा.

गंमत म्हणजे अशी मशीनं सकाळीही बऱ्याच जणांना अडवतात. हिशोब सोपा आहे. शरीर तासाला १०० मिली रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम अल्कोहोल उतरवतं. रात्री १२ वाजता १२० वर असलेला माणूस ३० वर यायला सकाळचे ६ वाजतात. झोप झाली, आंघोळ झाली, चहा झाला. तरी रक्ताला त्याचं काही नसतं.

मशीन असेपर्यंत गुन्हे स्पष्टपणे कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण मशीन काढलं की माणूस बहुतेक पूर्वपदावर येतो. म्हणजे ते सवय सोडवत नाही, फक्त गाडी अडवतं. व्यसनाचा उपचार वेगळाच करावा लागतो.

आपली खरी अडचण दुचाकीची आहे. ही मशीनं मुख्यतः चारचाकीसाठी बनतात. आणि मशीन गाडीला असतं, माणसाला नाही; चुलत भावाची बाईक दारातच उभी असते.

म्हणून आपल्याकडे सुरुवात करायचीच तर ट्रक, बस, टेम्पोपासून करावी, असं मला वाटतं. तिथे गाडी ठरलेली असते आणि मालकाला जबाबदार धरता येतं. कलम २० मध्ये कोर्टाला ठरावीक प्रकारच्या वाहनांपुरतीच बंदी घालण्याची मुभा आजही आहे. मशीनची अट मात्र त्यात नाही; त्यासाठी कायदाच बदलावा लागेल.