लोकप्रतिनिधी आणि शासकीय खर्चाची छाननी : निळवंडे प्रकल्पाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विधिमंडळाची कार्ये सांगताना कायदे करणे हे कार्य आपण प्रथम क्रमांकावर ठेवतो. ऐतिहासिक दृष्टीने पाहता मात्र प्रतिनिधिगृहांचा उदय पैशाच्या प्रश्नातून झाला. प्रजेच्या संमतीवाचून कर नाही आणि प्रतिनिधींच्या मंजुरीवाचून खर्च नाही, या आग्रहातून ही संस्था घडत गेली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६६ (३) मध्ये हेच तत्त्व कायद्याच्या भाषेत आले आहे. कायद्यानुसार असल्याखेरीज राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपयादेखील काढता येत नाही. तत्त्व इतके स्पष्ट असताना एखाद्या प्रकल्पाचा खर्च काही कोटींवरून काही हजार कोटींवर जातो आणि त्या प्रवासात सभागृहाला निर्णायक प्रश्न विचारण्याचा प्रसंगच येत नाही, हे कसे घडते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार संगमनेर परिसराला परिचित असलेल्या निळवंडे प्रकल्पाच्या आधारे केला आहे.

सभागृहातील साधने

प्रथम साधनांचा थोडक्यात परिचय करून घेणे उचित ठरेल. अनुच्छेद २०२ नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र सभागृहापुढे येते. अनुच्छेद २०३ नुसार भारित खर्चावर केवळ चर्चा होते, तर दत्तमत खर्च मागण्यांच्या रूपाने विधानसभेच्या मतास टाकला जातो. पुढे विनियोजन विधेयक संमत होते. मागण्यांवर सदस्यांना कपात सूचना देता येतात. धोरण कपात, काटकसर कपात आणि लाक्षणिक कपात हे तिचे तीन प्रकार आपले विद्यार्थी पाठ करतात व परीक्षेत बिनचूक लिहितात. प्रत्यक्षातील एखादी कपात सूचना मात्र त्यांनी क्वचितच वाचलेली असते. सरकारकडे बहुमत असल्याने कपात सूचना संमत होत नाही. तिचा उपयोग चर्चेला तोंड फोडण्यापुरता असतो आणि चर्चेसाठी दिलेली वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकत्र मंजूर केल्या जातात.

वर्षभरात पुरवणी मागण्याही येतात. राज्याचा २०२४-२५ चा अतिरिक्त अर्थसंकल्प २८ जून २०२४ रोजी मांडला गेला आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सभागृहापुढे आल्या. मूळ अर्थसंकल्पातील एकूण खर्च सुमारे ६ लाख १२ हजार कोटींचा होता. म्हणजे शाई वाळण्यापूर्वीच त्यात सुमारे पंधरा टक्क्यांची भर पडली. अशा परिस्थितीत मूळ अंदाजपत्रकाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या सदस्याचे श्रम कितपत सार्थकी लागतात, याचा विचार अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य करावा.

खर्च झाल्यानंतरची छाननी समित्यांकडे असते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे राज्यविषयक अहवाल अनुच्छेद १५१ (२) नुसार राज्यपालांमार्फत विधिमंडळासमोर ठेवले जातात आणि लोकलेखा समिती त्यांवर संबंधित खात्यांच्या सचिवांची साक्ष घेते. ब्रिटनमध्ये ही समिती १८६१ साली, तर भारतात केंद्रीय पातळीवर १९२१ साली अस्तित्वात आली. १९६७ पासून लोकसभेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. हिच्या जोडीला अंदाज समिती व सार्वजनिक उपक्रम समिती काम करतात. मंत्री या समित्यांचा सदस्य होऊ शकत नाही, ही तरतूद पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावी.

निळवंडे : एका प्रकल्पाचे आयुष्य

प्रवरा नदीवर भंडारदरा येथील धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी संगमनेर तालुक्यातून वाहत ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून निघणाऱ्या कालव्यांनी खालच्या भागातील शेती भिजवते. नदीकाठ सोडला तर संगमनेर तालुक्याचा बराच भाग पर्जन्यछायेत मोडतो. तळेगाव दिघे, निमोण या पट्ट्यातील गावांनी नदी जवळून वाहताना पाहिली, परंतु कालव्याचे पाणी त्यांच्या वाट्याला आले नाही. ही उणीव दूर करण्यासाठी ऊर्ध्व प्रवरा प्रकल्पाची कल्पना पुढे आली व १९७० साली त्यास प्रशासकीय मान्यता मिळाली. तेव्हाचा अंदाजित खर्च ७.९३ कोटी रुपये होता. धरणाची जागा प्रथम म्हाळादेवी येथे योजली होती. ती बदलली आणि अखेर निळवंडे-२ या नावाने अकोले तालुक्यात धरण उभे राहिले. त्याची साठवणक्षमता सुमारे ८.३२ अब्ज घनफूट आहे.

डाव्या कालव्यात चाचणीसाठी पाणी सोडण्यात आले ते ३१ मे २०२३ रोजी. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ८५ किलोमीटर लांबीच्या या कालव्याचे लोकार्पण झाले. अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातील सहा व नाशिक जिल्ह्यातील एक अशा सात तालुक्यांतील १८२ गावांना प्रकल्पाचा लाभ होईल आणि प्रकल्पाचा खर्च सुमारे ५,१७७ कोटी रुपये आहे, असे त्या वेळी शासनाने जाहीर केले.

७.९३ कोटी आणि ५,१७७ कोटी हे दोन आकडे शेजारी ठेवून संताप व्यक्त करणे सोपे आहे आणि सभांमधून ते पुष्कळ वेळा झाले आहे. अभ्यासकाने मात्र थोडे थांबावे. ५३ वर्षांत ही वाढ सुमारे ६५० पट, म्हणजे दरसाल सुमारे १३ टक्के चक्रवाढीची आहे. याच काळात दरसाल साडेसात टक्के भाववाढ गृहीत धरली, तर ७.९३ कोटींचे सुमारे ३६६ कोटी होतात. उरलेली वाढ भाववाढीने स्पष्ट होत नाही. तथापि १९७० चा प्रकल्प आणि २०२३ चा प्रकल्प ही एकच वस्तू नव्हे. जागा बदलली, कालव्यांची व वितरणाची व्याप्ती बदलली, पुनर्वसनाची जबाबदारी वाढली आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमिनीच्या मोबदल्याचे गणितच पालटले. तेव्हा ‘खर्च इतके पट का झाला?’ यापेक्षा ‘वाढीतील कोणता वाटा कोणत्या कारणाचा आणि त्यांपैकी केवळ विलंबामुळे आलेला किती?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे.

या प्रश्नाचे उत्तर शासनाच्या दप्तरी असते. सुधारित प्रशासकीय मान्यता, अर्थात प्रशासनाच्या बोलीतील ‘सुप्रमा’, हिच्या प्रस्तावात वाढीची बाबनिहाय फोड द्यावी लागते. भाववाढ, भूसंपादन, संकल्पचित्रातील बदल, नवीन बाबी, अपुरी तरतूद, आस्थापना खर्च असे रकाने त्यात असतात. २०१७ मध्ये निळवंडे प्रकल्पास मिळालेली सुधारित मान्यता सुमारे २,३७० कोटींची होती. सहा वर्षांत ती दुपटीहून अधिक झाली. परंतु सुप्रमा हा मंत्रिमंडळाचा व खात्याचा निर्णय असतो. सभागृहापुढे मतास येते ती त्या त्या वर्षाची तरतूद. पाच हजार कोटींचा निर्णय सभागृहाबाहेर होतो आणि त्यातील एका वर्षाचा हप्ता तेवढा सभागृहात मंजूर होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते छाननीच्या व्यवस्थेतील मूळ उणीव येथे आहे. अर्थसंकल्पाचे एकक वर्ष आहे, प्रकल्पाचे आयुष्य अर्धशतकाचे आहे.

यात महामंडळांची भर पडली. १९९६ पासून राज्यात पाटबंधारे विकास महामंडळे स्थापन झाली. गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ १९९८ चे. कर्जरोख्यांद्वारे निधी उभारून रखडलेले प्रकल्प त्वरेने पूर्ण करावेत, हा हेतू चांगला होता. पण कर्ज महामंडळाचे आणि हमी राज्याची, अशा रचनेत खर्चाचे दायित्व सभागृहाच्या नजरेपासून एक पाऊल दूर गेले.

प्रतिनिधीची दुहेरी भूमिका

याहून नाजूक अडचण खुद्द प्रतिनिधीच्या स्थितीत आहे. ज्याच्या मतदारसंघात प्रकल्प आहे त्या आमदाराला निधी हवा असतो. तो निधी मागणारा असतो आणि निधीवर लक्ष ठेवणाराही असतो. ‘कालव्यास यंदा किती तरतूद?’ हा प्रश्न तो हिरिरीने विचारतो. ‘अंदाजपत्रक का फुगले?’ हे विचारल्यास काम चौकशीत अडकेल, ही भीती त्याला असते आणि ती अनाठायी नसते. पन्नास वर्षे वाट पाहिलेल्या शेतकऱ्यासमोर चौकशीची मागणी करणे हे निवडणुकीच्या राजकारणात धाडसाचेच काम होय.

संगमनेरपुरती आणखी एक बाब नमूद केली पाहिजे. १९८५ ते २०२४ असे सलग जवळपास चार दशके बाळासाहेब थोरात यांनी या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले व त्यातील बराच काळ ते मंत्री होते. मंत्रिपदामुळे तालुक्याला जे मिळते ते सर्वांना दिसते. परंतु मंत्री प्रश्न विचारत नाही, वित्तीय समित्यांवर बसत नाही आणि सामूहिक जबाबदारीने बांधलेला असतो. त्या काळापुरता मतदारसंघ सभागृहातील छाननीच्या हत्यारास मुकतो. हा कोणा व्यक्तीचा दोष नसून संसदीय पद्धतीचा स्वभाव आहे. निळवंडेच्या कालव्यांचा प्रश्न लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या कृती समितीने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिकेद्वारे नेला, याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला पाहिजे. कामाची मुदत आणि निधीची उपलब्धता यांचा पाठपुरावा सभागृहाऐवजी न्यायालयात होऊ लागला.

काय मोजावे?

छाननीची दुसरी परंपराही याच तालुक्याने महाराष्ट्राला दिली, याची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. जवळे कडलगचे दत्ता देशमुख हे लाल निशाण पक्षाचे नेते आमदार होते आणि पाण्याच्या प्रश्नाचे जाणकार म्हणून ओळखले जात. वि. म. दांडेकर व वि. रा. देऊस्कर यांच्यासह ते ज्या समितीवर होते, तिचा १९७९ चा अहवाल पाटबंधारे प्रकल्पांवर आठमाही पाणीपुरवठ्याच्या विचाराशी निगडित आहे. धरणावर किती खर्च झाला, याच्याही पुढे जाऊन त्या खर्चातून साठलेले पाणी किती जणांच्या शेतात पोहोचले, हे विचारण्याची ही दृष्टी होती. बारमाही उसाला मिळणारे पाणी आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला न येणारे पाणी यांचा ताळेबंद लेखापरीक्षणाच्या रूढ रकान्यांत बसत नाही.

या दृष्टीचे महत्त्व २०१२ साली राज्याला चांगलेच कळले. दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्च होऊनही सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण केवळ ०.१ टक्क्याने वाढले, असे २०११-१२ च्या आर्थिक पाहणीच्या आधारे म्हटले जाऊ लागले. शासनाने नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका काढून वेगळे आकडे मांडले. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमण्यात आले व त्याचा अहवाल २०१४ मध्ये सादर झाला. त्या वादात बराचसा गोंधळ शब्दांचा होता. निर्माण झालेली सिंचनक्षमता, प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र आणि एकूण पिकांखालील क्षेत्राशी त्याचे प्रमाण या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कोणता आकडा कशाचा, हे ज्या सदस्याला ठाऊक नाही त्याला मंत्र्याच्या कोणत्याही उत्तरावर समाधान मानावे लागते.

यामुळेच प्रश्नाच्या शब्दरचनेला महत्त्व येते. ‘निळवंडेचे काम केव्हा पूर्ण होणार?’ या तारांकित प्रश्नाला ‘निधीच्या उपलब्धतेनुसार काम पूर्ण करण्याचे नियोजन आहे’ असे उत्तर सहज देता येते. त्याऐवजी प्रत्येक सुप्रमाच्या दिवशी झालेला एकूण खर्च, त्या दिवशीची सिंचनक्षमता, त्या हंगामात तालुकानिहाय प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र आणि वाढीची बाबनिहाय फोड अशी चार अंगे प्रश्नात मागितली, तर उत्तर आकड्यांतच द्यावे लागते. उत्तर अपुरे वाटल्यास अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. कालवे अपुरे असताना धरणातील पाणी समन्यायी वाटपाखाली जायकवाडीकडे सोडले गेले, तेव्हा त्या पाण्याची नोंद प्रकल्पाच्या लाभात कोणत्या रकान्यात झाली, हाही असाच एक नेमका प्रश्न होऊ शकतो.

मुख्य कालव्याचे लोकार्पण झाले असले, तरी शेताच्या बांधापर्यंत पाणी नेण्याचे काम बंदिस्त नलिकांच्या वितरण व्यवस्थेवर सोपवलेले आहे. या व्यवस्थेची कामे निरनिराळ्या भागांत, निरनिराळ्या निविदांनी होतात आणि प्रत्येकीचे अंदाजपत्रक स्वतंत्र असते. उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्राचा हिशेबही वेगळा मांडावा लागेल. महाविद्यालयांतील अर्थशास्त्र, राज्यशास्त्र व भूगोल विभागांनी तळेगाव-निमोण पट्ट्यातील भिजलेल्या क्षेत्राची हंगामवार नोंद ठेवण्यास प्रारंभ केला, तर पुढील सुप्रमा येईल तेव्हा संगमनेरच्या आमदाराच्या हाती, तो कोणत्याही पक्षाचा असो, खात्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येतील असे दुसरे आकडे असतील.