सगळ्यांच्या हातात एकच पुस्तक

अमेरिकेत मेरिलँड राज्याची राजधानी असलेल्या अ‍ॅनापोलिसमध्ये सेंट जॉन्स कॉलेज आहे. इथे बी.ए.ला आलेल्या मुलांना विषय निवडण्याची कटकट नाही, कारण निवडायला जवळजवळ काही ठेवलेलंच नाही. मेजर नाही, मायनर नाही, विभागही नाहीत. चार वर्षं सगळ्यांना तीच पुस्तकं, त्याच क्रमानं. दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं काढून आलेल्यालाही पुन्हा पहिल्या वर्षात, होमरच्या ‘इलियड’पाशी येऊन बसावं लागतं. ‘लिबरल आर्ट्स’ म्हणजे हवं ते शिकायची मुभा, अशी आपल्याकडे हल्ली जाहिरात होते. हे कॉलेज त्या जाहिरातीच्या अगदी उलट वागतं आणि तरी स्वतःला लिबरल आर्ट्सचंच म्हणवतं.

कॉलेज जुनं आहे. १६९६ मध्ये ते किंग विल्यम्स स्कूल म्हणून सुरू झालं आणि १७८४ मध्ये त्याला सेंट जॉन्स म्हणून सनद मिळाली. हा अभ्यासक्रम मात्र १९३७ चा. त्या सुमारास संस्था कर्जात बुडाली होती, मान्यताही गेली होती. अशा वेळी स्ट्रिंगफेलो बार आणि स्कॉट ब्युकॅनन यांनी सूत्रं हाती घेतली आणि पाठ्यपुस्तकं बाजूला सारून मूळ ग्रंथ समोर ठेवले. कॉलेज बरं चाललं असतं, तर नियामक मंडळानं दोघांना दारातूनच वाटेला लावलं असतं! मुलींना प्रवेश १९५१ मध्ये मिळाला. १९६४ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला दुसरा कॅम्पस उघडला. आजही दोन्हीकडे विद्यार्थी पाचशेच्या आतबाहेरच.

आठवड्याचा कणा म्हणजे सोमवार आणि गुरुवारच्या रात्रीचा सेमिनार. मोठ्या टेबलाभोवती अठरा-वीस मुलं आणि दोन ट्यूटर. एक ट्यूटर वाचलेल्या मजकुरावर एक प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. पुढचे दोन तास मुलांचे. व्याख्यान नाही, नोट्स नाहीत. दुसऱ्या कुणा पंडितानं काय म्हटलंय, हा आधार इथे चालत नाही. समोरच्या पानावर काय आहे ते दाखवा. ‘एकवीस अपेक्षित’वर पोसलेल्या आपल्यासारख्यांना पहिला महिना जडच गेला असता.

दिवसाचे तास लहान गटांचे. गणितात पहिल्या वर्षी युक्लिड. ज्याला सांगितलं त्यानं फळ्याशी जाऊन प्रमेय सिद्ध करायचं. मग टॉलेमी, पुढे न्यूटन, शेवटच्या वर्षी आइन्स्टाइन. दोन वर्षं ग्रीक, दोन वर्षं फ्रेंच, शिवाय प्रयोगशाळा आणि संगीत. गाता येवो न येवो, पहिल्या वर्षी समूहगानात उभं राहावंच लागतं. शिकवणाऱ्यांनाही सूट नाही. प्राध्यापक हे पद नाही, सगळे ट्यूटर, आणि प्रत्येकानं हळूहळू सगळंच शिकवावं ही अपेक्षा. १९५७ मध्ये इथे आलेल्या इव्हा ब्रॅन मूळच्या पुरातत्त्वज्ञ. त्यांनी पुढे कित्येक दशकं इथे शिकवलं. वर्गात मुलं आणि ट्यूटर एकमेकांना मिस्टर-मिस लावून आडनावानं हाक मारतात. अठरा वर्षांच्या पोराशी शिक्षकानं अहोजाहो करणं ही मला या कॉलेजातली सर्वात धीट गोष्ट वाटते.

गुण नोंदवले जातात, पण मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. त्यांच्या जागी असतो ‘डॉन रॅग’. सत्र संपताना विद्यार्थ्याला सगळ्या ट्यूटरांसमोर बसवतात आणि ट्यूटर त्याच्याविषयी आपसात बोलू लागतात, जणू तो खोलीत नाहीच. ‘मिस अमुक गणितात कशा आहेत?’ ‘सिद्धता नेटकी मांडतात, पण दुसऱ्याचं ऐकत नाहीत.’ सगळ्यांचं झालं की मग त्यांना विचारायचं, तुम्हाला काय म्हणायचंय? लग्न ठरवताना मुलीच्या देखत तिची चर्चा करणारे मामा-काका आपल्याला ठाऊक आहेत. इथे निदान शेवटी उत्तर देण्याचा हक्क असतो. गुणपत्रिका घडी घालून खिशात टाकता येते. हे ऐकलेलं टाकायचं कुठे?

निवड काढून घेतल्याचा खरा परिणाम वर्गाबाहेर दिसतो. एका वर्षाची सगळी मुलं एका आठवड्यात एकच पुस्तक वाचत असतात. त्यामुळे मेसमध्ये कुणीही कुणाच्याही शेजारी बसलं, तरी बोलायला विषय तयार. सेमिनारमध्ये अर्धवट राहिलेलं भांडण वसतिगृहाच्या जिन्यावर पुढे चालू होतं. वरच्या वर्गातल्यांनी तेच पुस्तक आधी वाचलेलं असल्यानं तेही मध्ये तोंड घालतात. शुक्रवारी रात्री जाहीर व्याख्यान असतं. त्यानंतरची प्रश्नोत्तरं कधी कधी व्याख्यानापेक्षा लांबतात. मोठ्या विद्यापीठात शेजारच्या खोलीतला मुलगा काय शिकतो हेही कळत नाही. मुक्त निवडीचा हा तोटा माहितीपत्रकात कुणी छापत नाही.

खेळही असेच आपापसातले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा बडेजाव नाही, कॉलेजातल्या कॉलेजात संघ. अपवाद क्रोकेचा. रस्त्यापलीकडे अमेरिकेची नौदल अकादमी आहे. तिच्याशी १९८२ पासून दर वसंतात सामना होतो. लाकडी हातोड्यानं चेंडू कमानीतून काढायचा हा खेळ. हिरवळीवर जुन्या धाटणीचे कपडे आणि टोप्या घालून हजारो लोक जमतात आणि बहुतेक वेळा पुस्तकी किडे नौदलाला हरवतात.

शेवटच्या वर्षी दीर्घ निबंध लिहायचा आणि त्यावर तोंडी परीक्षा द्यायची, तीही जाहीर; हवं त्यानं येऊन ऐकावं. अ‍ॅनापोलिसमध्ये निबंध दिला की मॅकडॉवेल हॉलची घंटा वाजवण्याचा रिवाज आहे.

फी हा प्रश्न होताच. वर्षाला ५२ हजार डॉलरवर गेलेली फी कॉलेजनं २०१८ मध्ये ३५ हजारांवर आणण्याचं जाहीर केलं आणि उरलेला भार देणगीदारांकडून उचलायचं ठरवलं. आपल्या मध्यमवर्गाला हाही आकडा घाम फोडणाराच.

माझा आक्षेप वेगळा आहे. होमर, प्लेटो, दान्ते, कांट, टॉलस्टॉय या रांगेत व्यास बसत नाहीत. सगळ्यांनी एकच यादी वाचायची म्हटलं, की यादीबाहेरच्याला सगळेच मुकतात. सांता फेला १९९० च्या दशकात पौर्वात्य अभिजात ग्रंथांचं एम.ए. सुरू झालं. तिथे संस्कृत किंवा अभिजात चिनी शिकावी लागते. महाभारत, गीता, कालिदास त्याच टेबलाभोवती वाचतात. बी.ए.च्या मुलांना मात्र त्यासाठी बहुधा पदवी पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं.