महानगरातील मल्लखांब

मुंबईत व्यायामाचा प्रश्न हा मुळात जागेचा प्रश्न आहे. क्रिकेटला मैदान हवे, पोहण्यास तलाव हवा, धावण्यास निर्धोक रस्ता हवा. आणि या तिन्ही गोष्टी जेथे दुर्मिळ झाल्या आहेत, तेथील नागरिकांनी यंत्रांनी सजविलेल्या वातानुकूलित व्यायामशाळांचा आश्रय करावा, यात नवल नाही. परंतु याच शहरात, दादरच्या शिवाजी पार्कवर १९२५ साली स्थापन झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात, जमिनीत पुरलेल्या लाकडी खांबावर जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या शिकविली जात आहे, तिला एका लहानशा खोलीएवढी जागा पुरते, याचा विचार आपल्या नगररचनाकारांनी फारसा केलेला दिसत नाही.

चालुक्य नृपती सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांच्या ‘स्तंभश्रमा’चा उल्लेख आहे, मात्र आजच्या मल्लखांबाची परंपरा दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांपासून मानली जाते. अली व गुलाब या दोन मातब्बर पहिलवानांनी पुणे दरबारास कुस्तीचे आव्हान दिले, ते कोवळ्या वयाच्या बाळंभटदादांनी स्वीकारले, आणि तयारीसाठी वणीच्या सप्तशृंगीच्या सान्निध्यात राहिले असता मारुतीने त्यांना लाकडी खांबावरचे डाव दाखविले, अशी आख्यायिका आहे. तिचा ऐतिहासिक अंश कितीही असो, या विद्येचे मर्म तिने अचूक हेरले आहे. कारण वानराप्रमाणे पायांनीही पकडता येणे, हेच मल्लखांबाचे सारसर्वस्व होय.

शिसवी किंवा सागवानी लाकडाचा हा खांब वर निमुळता होत जातो. शेवटी बारीक मान आणि तिच्यावर वाटोळे बोंड. खांबाच्या अंगास एरंडेल चोळलेले असते, त्यामुळे कातडी सोलत नाही, परंतु हात निसटतो. म्हणून पकडीचा सारा भार स्नायूंवर पडतो. नवशिका खांबास नमस्कार करतो, दोन्ही हातांनी तो घट्ट धरतो, पाय डोक्यावर उचलून मांड्यांनी खांबास विळखा घालतो. ही अढी. क्षणभर डोके खाली, जग उलटे. मग श्वास ठिकाणावर येतो, आणि हात सोडण्याचे धैर्य होते. यापुढे तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल अशी पायरीपायरीने वाट चढत जाते. हात, खांदे, पोट, पाठ आणि मांड्या यांना एकाच वेळी राबविणारा, आणि ज्यात वजन म्हणून स्वतःच्या देहाखेरीज काहीही लागत नाही, असा इतका परिपूर्ण व्यायाम मला दुसरा ठाऊक नाही. दिवसभर मेजाशी वाकून बसणाऱ्या शहरवासीयाचे नेमके जे स्नायू निकामी होत जातात, त्यांनाच येथे प्रथम हाक दिली जाते.

दोरीच्या मल्लखांबाची गोष्ट आणखी वेगळी. पूर्वी वेताचा मल्लखांब असे. चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याची जागा सुती दोरीने घेतली. पायाचा अंगठा व त्याशेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरून मुली सरसर वर जातात, आणि गाठ न मारता केवळ वेढ्यांच्या आधारे अधांतरी पद्मासनात स्थिर होतात. पहिले काही आठवडे ही चिमटी दुखते; पुढे तीच सर्वांत भरवशाची पकड होते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा याच शिवाजी पार्कवर झाली, आणि या विद्येच्या प्रसारास आयुष्य वाहिलेल्या उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. एवढा लौकिक होऊनही मुंबईच्या बहुसंख्य वस्त्यांत आज मल्लखांब नाही. उद्यानांतून लोखंडी व्यायामयंत्रे बसविण्यावर जो खर्च होतो, त्याचा थोडा हिस्सा खांब, गाद्या आणि जाणता प्रशिक्षक यांच्या तजविजीसाठी राखून ठेवणे महापालिकेस मुळीच अशक्य नाही. प्रशिक्षकाची अट मात्र सोडता कामा नये; घरच्या घरी खांब उभारून हा प्रयोग कोणी करू नये.

ज्यांच्या घरी सहा-सात वर्षांची मुले आहेत, त्यांनी एखाद्या सायंकाळी त्यांना घेऊन शिवाजी पार्कवर जावे, सराव पाहावा आणि मुलाचे नाव घालावे. आणि आपले स्वतःचे वय चाळिशीपुढे गेले असले, तरी वैद्याचा सल्ला घेऊन प्रशिक्षकांना आपल्यासाठीही विचारून पाहावे.