सिरोंच्याहून विमान गाठायचं तर

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर. जेट विमान उंची गाठल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास धावतं, म्हणजे तासाभरात मुंबई यायला हवी. तिकिटावर मात्र दीड तास लिहिलेला असतो. तो वेळ विमान नागपुरात जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची वाट, चढण, उतरण, सगळं त्यात आलं. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमानं आकाशात घिरट्या घालत राहतात.

लांबच्या प्रवासात नकाशाही फसवतो. मुंबई–न्यूयॉर्क हे अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे चढतो, युरोपच्या माथ्यावरून जातो. सर्वात जवळची वाट तीच. शिवाय वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, म्हणून अमेरिकेहून परतताना सहसा जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

हा सगळा हिशेब विमानतळापासून विमानतळापर्यंतचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाचा खरा प्रवास त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो.

चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. त्यामुळे नागपूरचा सोनेगाव विमानतळ गाठायचा, म्हणजे दीडशे किलोमीटर. चंद्रपूरकराला हे जमून जातं. गडचिरोलीच्या दक्षिणेला मात्र चित्र पार बदलतं. गडचिरोली ते भामरागड सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. रस्ता चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असा वळणं घेत पावणेदोनशेच्या पुढे जातो. पर्लकोटा नदीला पूर आला की तोही बंद पडत आला आहे. निवडणुकीत दुर्गम केंद्रांवर मतदान पथकं हेलिकॉप्टरने न्यावी लागतात, ती याच भागात.

सिरोंच्याचं गणित आणखी वेगळं. प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळचं हे गाव नागपूर विमानतळापासून सरळ रेषेत सुमारे 265 किलोमीटर, तर हैदराबादच्या विमानतळापासून 240 किलोमीटर आहे. जवळचा विमानतळ परराज्यातला! गोदावरीवर कालेश्वरमकडे जाणारा पूल झाल्यापासून तिकडचा रस्ताही सोपा झाला. नागपूरला जायचं तर रस्त्याने साडेतीनशेच्या पुढे, त्यातला आलापल्ली–सिरोंचा हा शंभर किलोमीटरचा टप्पा जंगलातून जातो. खड्डे पडले, पावसात नाले भरले की बस किती वाजता पोचेल, याची खात्री कुणी देत नाही. नागपूर–दोहा अंतर 2,800 किलोमीटरच्या वर आहे. तरीही सिरोंच्याहून सकाळी निघालेला प्रवासी नागपूरला पोचायच्या आत, त्याच वेळी नागपूरहून सुटलेलं विमान दोह्याला उतरलेलं असतं.

राजुऱ्याजवळ मूर्ती-विहीरगावला नवा विमानतळ व्हावा, असा प्रस्ताव आहे. तो जरूर व्हावा. पण भामरागडच्या आजारी माणसाला आणि शिकायला पुण्याला निघालेल्या सिरोंच्याच्या पोरीला त्याआधी बारमाही रस्ता आणि पुरात न बुडणारे पूल हवेत. लोकप्रतिनिधींनी विमानतळासाठी जेवढा जोर लावला, तेवढाच आलापल्ली–सिरोंचा रस्त्यासाठीही लावावा.